फौजीमामाचा तिसरा रकाना

ता. २६ जानेवारी, मागच्या वर्षीची. वेळ सकाळची, झेंडावंदन आटोपल्यावर. जागा आमच्या गावातला चौक, जुन्या जिनच्या फाटकासमोर. हजर: सरपंच मोहनभाई, जिनचे मालक पारसशेठ, शाळेची मुलं आणि त्यांचा बँड, दोन गुरुजी, चार माजी सैनिकांच्या घरची माणसं, नवापूरहून पहाटेच्या एसटीनं आलेली कमल, आणि सतरंज्या, खुर्च्या, माइक पुरवणारी मी. कार्यक्रम: गावातल्या माजी सैनिकांच्या नावांच्या शिळेचं अनावरण.

पडदा ओढला, बँड वाजला, टाळ्या पडल्या. काळ्या दगडावर पांढऱ्या अक्षरांत चार नावं होती. मी शिळेच्या समितीला दिलेल्या यादीत पाच होती.

कमलनं शिळा वाचली. मग जवळ जाऊन बोट फिरवत पुन्हा वाचली. मग ती शिळेच्या मागं गेली. तिकडं कोरा दगड होता. फोटोसाठी सगळे समोर उभे राहत होते, तेवढ्यात ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, मांगला बाजूले बी नही शे बाबानं नाव. आखो कोठे दुसरा दगड शे का?"

दुसरा दगड नव्हता. कमलला मीच फोन करून बोलावलं होतं. नवं पातळ नेसून, कोंबड्यांच्या फार्मवरची एक दिवसाची सुट्टी मागून ती आली होती. मी तिला चहा पाजला आणि परतीच्या एसटीत बसवलं. त्या दिवसापासून मला जो राग आला आहे तो अजून उतरलेला नाही. तिच्या बापाबद्दल मी लिहिते आहे ते त्या रागापोटी. ज्यांना हळहळ वाचायची आहे त्यांनी इथंच थांबावं.

कमलचा बाप म्हणजे आमचा फौजीमामा. तो कुठल्याही दारात आला की थांबायचा. उजवा हात सदऱ्याच्या खिशावर, मग पँटच्या दोन्ही खिशांवर. काडेपेटी सापडली की ती उंबऱ्याबाहेर भिंतीच्या कडेला ठेवायचा आणि मगच आत पाऊल टाकायचा. घर कोणाचंही असो. देवळातही तेच, दवाखान्यातही तेच. म्हसावदच्या बाजारात चहाच्या हॉटेलात शिरतानाही तेच, आणि तिथं तर आत भट्टी धडधडत असायची. आमच्याकडं आला की माझी माय स्वयंपाकघरातून ओरडायची, "भाऊ, आठे चुल्हा पेटेल शे, तुन्ही पेटी कोन खाई जाई?" त्यावर त्याचं एकच उत्तर असायचं, "बहीन, सवय शे. पेटी बाहेर, मानूस मझार."

मझार म्हणजे आत. गावात बोलतात ती अहिराणी तो चांगली बोलायचा, फक्त तिला पलटणीतल्या हिंदीची फोडणी असायची. मूळचा तो नेपाळच्या डोंगरातला. मिसरूड फुटायच्या आधी हिंदुस्थानात आला, फौजेत शिरला, एकाहत्तरच्या लढाईत वर्दीत होता, नोकरी पुरी करून आमच्या गावात आला आणि जिनवर वॉचमन झाला. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढून गठाणी बांधायचा कारखाना. माझे वडील तिथं काट्यावर कापूस मोजायचे. माझ्या मायनं पहिल्याच वर्षी त्याला राखी बांधली, म्हणून तो माझा मामा. काडेपेटीची सवय ही नेपाळकडची काही रीत असावी असं गाव समजून चाललं होतं. कोणी विचारलं नाही. गावाला प्रश्न विचारायची सवय कमी आणि नावं ठेवायची जास्त.

जिनच्या फाटकाजवळ भिंतीत एक कोनाडा होता. आत जाणाऱ्या प्रत्येक हमालाला तिथं आपली काडेपेटी ठेवावी लागायची. मामा खिसे चाचपायचा, लहान-मोठा बघायचा नाही. चपलेच्या तळाला खिळे असतील तर चप्पलही बाहेर. हमाल चिडायचे. "मामा, आते काय धोतर बी सोडू का?" असं एकानं विचारलं तेव्हा मामा गंभीरपणे म्हणाला, "धोतरमा काडी व्हई तर सोड." स्वतः तो बिडी ओढायचा, पण ती फाटकापासून लांब, विहिरीच्या काठावर बसून. ओढून झाली की थोटूक पाण्यात टाकायचा आणि विझल्याचा आवाज कान देऊन ऐकायचा. मगच उठायचा.

एकदा पारसशेठच्या मुलीचे सासरे सुरतेहून जिन बघायला आले. मोठा माणूस, पांढरे कपडे, बोटांत सिगरेट. शेठ बरोबर. मामानं फाटकात काठी आडवी धरली. पाहुणे तापले. "तू जानता नहीं मैं कौन हूं? शेठजी का समधी हूं." मामानं सलाम ठोकला आणि म्हणाला, "साब, कापूसले काय समजस, कोन समधी अन कोन हमाल?" शेठ घाईनं म्हणाले, "अरे भाई, जाने दे." मामानं काठी हलवली नाही. शेवटी पाहुण्यांनी सिगरेट पायाखाली चिरडली, तर मामानं ती उचलली, विहिरीत टाकून आला आणि मग काठी वर घेतली. त्या रात्री शेठनी त्याला काढून टाकतो म्हणून धमकावलं, असं वडील सांगायचे. काढलं नाही. तेवढ्याच पगारात इतका कटकट्या वॉचमन दुसरा मिळणार नव्हता, हे शेठला कळत होतं.

भिंतीवर ओळीनं पाच लाल बादल्या टांगलेल्या असायच्या, वाळूनं भरलेल्या. दर शनिवारी मामा त्या खाली उतरवून वाळू चाळायचा, कारण मांजरांना त्या बादल्या फार आवडायच्या. चाळताना तो मांजरांना नेपाळीत शिव्या द्यायचा. शिव्या कळायच्या नाहीत, पण मांजरं पळायची. मी लहानपणीही याद्या करायची, म्हणून तो मला मुन्शी म्हणायचा. "मुन्शी, लिख. बादली सगळी भरेल. मांजर फरार." आज मी लग्नाची भांडी आणि मंडपाचं सामान भाड्यानं देते. किती पातेली गेली, किती परत आली, कुठल्याला पोचा पडला, हे सगळं मी लिहून ठेवते. माझी ही सवय कुठून आली ते मला पक्कं ठाऊक आहे.

त्याचं नाव हर्कमान. हे नाव गावातल्या निम्म्या लोकांना आज पहिल्यांदा कळेल. गावानं त्याला बहादूर म्हटलं, नाही तर सरळ गुरखा. नेपाळी दिसला की बहादूर, एवढी आमची अक्कल. मामा प्रत्येक वेळी सांगायचा, "मना नाव हर्कमान शे. बहादूर मना भाऊ बी नही, बाप बी नही." लोक हसायचे आणि पुन्हा बहादूर म्हणायचे. मतदार यादीत त्याचं नाव बहादूर म्हणून लागलं होतं. मी पाठपुरावा करून ते दुरुस्त करून घेतलं तेव्हा त्यानं मला जिलेबी आणून दिली. काडेपेटी बाहेर ठेवून, जिलेबी आत.

चहाच्या टपरीवर त्याची थट्टा ठरलेली होती. विषय एकच.

"बहादूर, लढाईमा कितला मारात रे?"

"एक बी नही."

"मंग तठे काय करं?"

"वज उचलं."

वज म्हणजे ओझं. टपरी खदखदायची. "हमाल फौजी! आठे बी हमाल, तठे बी हमाल!" मामाही त्यांच्याबरोबर हसायचा. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी होती, चहाचा कप धरताना ती सरळ व्हायची नाहीत. ती जिनच्या पट्ट्यात सापडली असणार, असं सगळे म्हणायचे. तो नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. त्याच्या हसण्याचा मला तेव्हाही राग यायचा. आता वाटतं, त्यानं काय करावं अशी अपेक्षा होती माझी? चहा अर्धा टाकून उठून जावं? गावात त्याला बसायला तेवढी एकच टपरी होती.

त्यानं जिनवर काम करणाऱ्या सुमनशी लग्न केलं. कमल झाली. सुमन लवकर गेली. कमल नवापूरला दिली. तो जिनवर होता तितकी वर्षं आजूबाजूच्या गावांतल्या कापसाच्या गंज्या पेटल्या, एक-दोन जिन आख्ख्या जळाल्या, बंब पोचेपर्यंत राख. आमची पेटली नाही. याबद्दल त्याला कधी कोणी काही म्हणालं नाही, कारण जे घडलंच नाही त्याबद्दल कोण काय म्हणणार? म्हातारपणी काम सोडलं तेव्हा शेठनी त्याला एक छत्री दिली.

तीन वर्षांपूर्वी तो गेला. कापसाचा हंगाम होता. जिनवरचे सगळे हमाल काम टाकून तसेच स्मशानात आले. सरपंच आले नाहीत, पंचायतीकडून हार आला नाही, तिरंगा तर लांबच. कमलनं अग्नी द्यायचं ठरलं. लाकडं रचली, रॉकेल आलं, आणि मग कळलं की काडेपेटी कोणाकडंच नाही. पन्नासेक माणसं उभी, सगळे खिसे चाचपतायत, आणि एकाच्याही खिशात पेटी नाही. सगळ्यांच्या पेट्या जिनच्या कोनाड्यात होत्या. एका हमालाला हसू फुटलं आणि तो हसता हसता रडायला लागला. टपरीवरून पेटी आणेपर्यंत मामा तसाच लाकडांवर वाट बघत होता. मला वाटतं, त्याच्या आयुष्यातला एवढाच एक समारंभ गावानं नीट केला.

त्या दिवशी धडगावहून एक म्हातारा जीपनं आला होता. रूपसिंगदादा, पावरा समाजाचा, मामाबरोबर फौजेत होता. मामाला सुट्टीत आमच्या भागात पहिल्यांदा घेऊन आला तो हाच. चितेपासून लांब उभा राहून त्यानं सलाम केला आणि कोणाशी न बोलता निघून गेला.

हे सगळं आठवत अनावरणाच्या दुसऱ्या दिवशी मी मोहनभाईंकडं गेले. ते झोक्यावर बसले होते. मी उभ्यानंच विचारलं, "पाचवं नाव कोन काढं?"

"ताई, बसा तर खरं."

"बसाले नही उनी."

"हे पहा, तो गावना नही. अन लढाईमा गया नही. मंग नाव कसं टाकानं?"

"मोहनभाई, तुमना आजाना बाप कोठून उना?"

त्यांचे पूर्वज गुजरातमधून तापीकाठी आले, हे ते स्वतः प्रत्येक समाजाच्या मेळाव्यात अभिमानानं सांगतात. पारसशेठचे आजोबा राजस्थानातून पितळेच्या भांड्यांचं ओझं घेऊन आले, तो फोटो दुकानात हार घालून लावलेला आहे. या गावात मुळापासून राहणारी माणसं शोधायची तर ती गावाबाहेरच्या वस्तीत सापडतील, आणि त्यांना समितीत कोणी घेतलेलं नाही. ज्यांचे वाडवडील दुसरीकडून आले ते गावचे झाले. ज्यानं इथं आयुष्य काढलं, इथं लग्न केलं, इथं जळाला, तो बाहेरचा.

मोहनभाई म्हणाले, "बरं, ते सोडा. पण शिळेवर तीन रकाने शेतस. नाव, पलटण, अन कोठे लढना. त्याना तिसरा रकाना काय लिहू? लढाई चालू व्हती तवय तो कोठे व्हता, हे तरी कोनले माहीत शे?"

एवढं एकच ते बरोबर बोलले. मलाही माहीत नव्हतं.

मग मी शोध घेतला. कमलकडून मामाची फौजेतली कागदपत्रं मागवली. त्यावर भरतीचं वर्ष होतं, सुटल्याचं वर्ष होतं, वर्तणूक चांगली असा शेरा होता. लढाईच्या दिवसांत तो कुठं होता याचा पत्ता नव्हता. नंदुरबारला सैनिकांच्या कार्यालयात गेले. तिथल्या माणसानं नीट ऐकून घेतलं, खुर्ची दिली, आणि सांगितलं की हा माणूस सीमेवर गेलेल्यांत दिसत नाही, तो देशातच मागच्या भागात कुठल्यातरी दारूगोळ्याच्या भांडारावर असावा, यापुढचं त्याच्याबरोबरचा कोणी जिवंत असेल तर तोच सांगेल.

मी दुसऱ्या दिवशी धडगावची जीप धरली. पुढच्या सीटवर चौघं, मागं बकरी आणि सिमेंटची पोती. घाटात चालक एका हातानं फोनवर बोलत होता. मी त्याला फोन बंद करायला लावला आणि बाकीचे प्रवासी माझ्याकडं आदरानं बघायला लागले. उतरल्यावर वरच्या पाड्यापर्यंत चालत गेले.

रूपसिंगदादा अंगणात खाटेवर बसला होता. मी ओळख सांगितली. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "मुन्शी?"

मी हो म्हणाले. मग तो बोलायला लागला.

"लढाई सुरू झाली, आमची तर आधीच सुरू होती. रेल्वे आत यायची, थेट शेडपर्यंत. डबे भरायचे. पेट्या खांद्यावर. गोळे, काडतुसं, सगळं. गेटवर झडती. काडेपेटी सापडली तर हवालदार आधी कानाखाली द्यायचा, मग नाव विचारायचा. खिळ्याचे बूट काढायचे, कापडी बूट घालायचे. हर्कमानच्या खिशात एकदा एक काडी सापडली. पेटी नाही, एकच काडी, अस्तरात अडकलेली. त्याला माहीतही नव्हतं. हवालदारानं सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाला, ही एक काडी आणि ही तीनशे माणसं, बघ मोजून. हर्कमाननं खरंच बघितलं सगळ्यांकडं. तेव्हापासून त्याचा हात खिशावरच."

मी विचारलं, "तुम्हाला सीमेवर जायचं नव्हतं?"

"सगळ्यांनाच जायचं होतं. वीस-बावीसचे होतो आम्ही. साहेबाकडं गेलो, म्हणालो, साब, आम्हालाही पाठवा. साहेब म्हणाला, तुम्हीही गेलात तर तिकडचे लोक काय फेकतील, दगड? जा, गाडी उभी आहे."

"आणि मामाची बोटं?"

त्यानं खाटेची सुटलेली दोरी आत खोचली. मग म्हणाला, "ते माझ्यामुळं. दोन रात्री झोप नव्हती. डब्यात पेटी चढवताना माझा पाय सरकला. पेटी खांद्यावरून निसटली. खाली लोखंडी कड होती. हर्कमाननं हात मध्ये घातला. पेटी हातावर पडली, लोखंडावर नाही. पडली असती तर काही झालं असतं का? मला माहीत नाही बाई. कदाचित काहीच नाही. त्यालाही माहीत नव्हतं. त्यानं हात घातला." त्यानं स्वतःची दोन बोटं मुडपून दाखवली. "पट्टी बांधून संध्याकाळी परत कामावर. दुसऱ्या हातानं."

"हे त्यानं कोणालाच कसं सांगितलं नाही?"

"काय सांगणार? सीमेवरचा शिपाई सांगतो, हे झालं, ते झालं. आमच्याकडं सांगायला काय होतं? पूर्ण लढाईभर आमच्या भांडारात काही झालं नाही. काही होऊ द्यायचं नाही, हीच ड्यूटी होती."

मी त्याला विचारलं, हे सगळं आमच्या ग्रामसभेत येऊन सांगाल का? तो हसला. म्हणाला, "माझ्या पाड्यावर तर दगडच नाही. तुमच्या दगडासाठी येतो."

एक मेच्या ग्रामसभेला तो खरंच आला. कापडी बूट घालून. पंचायतीच्या दारात थांबला, खिसे चाचपले, पेटी बाहेर ठेवली आणि आत आला. माझ्याशेजारी बसलेल्या एका हमालानं मला कोपरानं ढोसलं. त्यालाही तेच आठवलं होतं.

सभेत मी विषय मांडला. कागद दाखवले. रूपसिंगदादानं जे मला सांगितलं ते उभं राहून सांगितलं, थोडक्यात, हात पँटच्या शिवणीला लावून. सगळे ऐकत होते. मला वाटलं, झालं. मग मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे हमालीच ना?" आणि सभा हसली. टपरीवरचं तेच हसणं, तीच माणसं, आता केस पांढरे. म्हाताऱ्या फौजीसमोर हसताना एकालाही लाज वाटली नाही.

मी उठले आणि बोलले. काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. एवढं विचारलं की शिळेवरच्या चौथ्या नावापुढं तिसऱ्या रकान्यात नुसतं 'सीमेवर' लिहिलं आहे, ती सीमा कोणती ते कोणी सांगेल का? ते नाव मोहनभाईंच्या चुलत्यांचं. मोहनभाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी तोडगा काढला. "वाद नको. बहादूरचं नाव आपण मागच्या बाजूला कोरू. जागा भरपूर आहे."

म्हणजे कमलनं बापाला जिथं शोधलं, तिथंच. मी नाही म्हणाले. "हर्कमान," असंही म्हणाले. विषय पुढच्या सभेवर ढकलला. रूपसिंगदादाला जीपपर्यंत सोडायला गेले. तो म्हणाला, "मुन्शी, गाडी उभी आहे. चल, निघतो." त्याला राग आला नव्हता. त्यामुळं मला दुप्पट आला.

त्यानंतरच्या दोन्ही सभांत विषय यादीत शेवटचा आला आणि वेळ संपली.

मग डिसेंबर आला. मोहनभाईंच्या पुतण्याचं लग्न. मंडप माझा, भांडी माझी. धंदा म्हणून घेतलं काम. दुपारी उन्हं कलताना वरात चौकात आली. शिळेसमोर, म्हणजे जिनच्या फाटकासमोर, थांबली. आत जायला कापसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, ताडपत्री अर्धवट, कापूस बाहेर लोंबलेला. आणि पोरांनी तिथं फटाक्यांची लांबलचक माळ सोडली. मामा होता तोवर या चौकात कोणी काडी ओढली नव्हती. मी ओरडले. बँडच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं?

एक फटाका उडून तिसऱ्या ट्रॉलीत पडला. आधी नुसता धूर आला. लोक धुराकडं बघत नाचत होते, त्यांना तो फटाक्यांचाच वाटला. मी फाटकाकडं धावले, बादली काढायला. पहिल्या बादलीत तुळस लावलेली होती. दुसऱ्या बादलीत पानाच्या पिचकाऱ्या. तिसरीचा तळ गायब. नवा वॉचमन मोबाइल हातात धरून वरातीचा व्हिडिओ काढत होता. तेवढ्यात जुन्या हमालांपैकी दोघांनी ट्रॉलीवर उडी मारली, पेटलेला कापूस दोन्ही हातांनी उपसून खाली फेकला आणि बाकीच्यांनी तो पायानं नाही, शेजारच्या मंडपातल्या माझ्या सतरंज्या विहिरीवर भिजवून त्यांनी दाबला. मामानं शिकवल्याप्रमाणं. एकाचे हात भाजले. ट्रॉली वाचली. तिच्या मागं सहा ट्रॉल्या होत्या, त्यांच्या मागं जिन, आणि जिनला लागून अर्धं गाव.

बँड थांबला होता. मोहनभाई फेटा सावरत आले, चेहरा पांढराफटक. सगळीकडं बघितलं, ट्रॉलीकडं, नवरदेवाकडं, जिनकडं. मग मोठा श्वास सोडून म्हणाले, "चला. काही झालं नाही."

मी राखेत उभी होते. म्हणाले, "मोहनभाई, हेच लिहा."

"काय?"

"तिसऱ्या रकान्यात. हेच लिहा. काही झालं नाही."

भाजलेला हमाल सतरंजीवर बसला होता, त्यानं मान वर केली. "लिखा ना भाऊ," तो म्हणाला. "मामाना रकाना शे तो." मोहनभाईंनी बँडवाल्यांना हात केला आणि वरात पुढं गेली, या वेळी फटाक्यांशिवाय.

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगते. हमालाच्या हाताला मलमपट्टी करून आणली. जळालेल्या दोन सतरंज्या यादीतून कमी केल्या. बादल्या पाचही उतरवल्या, तुळस अंगणात लावली, फुटक्या बादलीच्या जागी नवी आणली, तापीची वाळू आणून चाळून भरली आणि भिंतीवर परत टांगल्या. पारसशेठकडं जाऊन फाटकाचा कोनाडा पुन्हा मोकळा करून घेतला, तिथं कोणीतरी जाहिरातीचा फलक ठोकला होता. नव्या वॉचमनला खिसे कसे चाचपायचे ते दाखवलं. तो लाजला, पण शिकला. शहाद्याच्या पाथरवटाला बोलावून शिळेवर चौथ्या नावाखालची जागा मोजून घेतली. ओळ बसते, असं तो म्हणाला. अक्षरं थोडी लहान करावी लागतील. मी म्हणाले, करू नका.

मजकूर मी त्याला देऊन ठेवला आहे. पहिल्या रकान्यात हर्कमान. दुसऱ्यात दारूगोळा भांडार. तिसऱ्यात ते तीन शब्द. छिन्नी घेऊन यायला तो तयार आहे, फक्त पंचायतीच्या सहीशिवाय दगडाला हात लावणार नाही म्हणतो.

यंदाच्या २६ जानेवारीलाही कमल आली होती. शिळेच्या मागं गेली नाही. समोरच उभी राहिली, चौथ्या नावाखालच्या रिकाम्या जागेवर तिनं तळहात ठेवला आणि विचारलं, "आठेच ना, ताई?"

आठेच, म्हणाले मी. सही व्हायची आहे.